बातमीतला 'रोमानियन' : एका देशाची ओळख माध्यमं कशी घडवतात

ल्यूटन हा लंडनच्या उत्तरेचा, स्वस्त विमान कंपन्यांचा विमानतळ. 1 जानेवारी 2014 च्या सकाळी तिथे पत्रकार आणि कॅमेऱ्यांची झुंबड उडाली होती. ब्रिटिश संसदेच्या गृहविषयक समितीचे अध्यक्ष कीथ वाझ (मूळचं घराणं गोव्याचं) आणि हुजूर पक्षाचे खासदार मार्क रेकलेस सकाळीच येऊन थांबले होते. रोमानियातून येणाऱ्या एका विमानाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. त्या दिवसापासून रोमानिया आणि बल्गेरियाच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये कुठलंही काम करायची मुभा मिळणार होती, आणि आता लोंढे येणार असं टॅब्लॉइड वर्तमानपत्रं वर्षभर सांगत होती.

विमान उतरलं. आतले बहुतेक जण आधीपासूनच ब्रिटनमध्ये राहणारे होते, नाताळची सुट्टी गावी काढून कामावर परतत होते. पहिल्यांदाच कामासाठी आलेला एक तरुण कसाबसा सापडला. गाड्या धुण्याचं काम त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. सगळे माइक त्याच्या तोंडापुढे गेले आणि संध्याकाळपर्यंत तो जगभरच्या बातम्यांत झळकला. त्याच्यामागे दोन देश मिळून अडीच कोटींहून जास्त माणसं होती. त्या सगळ्यांचा चेहरा म्हणून हा एक माणूस दाखवला गेला.

इथे काय घडलं ते नीट बघायला हवं, कारण रोमानियन लोकांविषयीच्या बातम्यांची बहुतेक कहाणी याच वळणाने जाते. बातमी आधी ठरली होती, कॅमेरा त्याप्रमाणे लागला होता आणि माणूस शेवटी शोधला गेला.

थोडी पार्श्वभूमी. रोमानिया 1 जानेवारी 2007 ला युरोपीय संघात आला. संघाच्या नियमाप्रमाणे एका सदस्य देशाचा नागरिक दुसऱ्या देशात जाऊन राहू शकतो, काम करू शकतो. पण ब्रिटन, जर्मनी यांसारख्या काही देशांनी नव्या सदस्यांच्या नोकऱ्यांवर जास्तीत जास्त सात वर्षं निर्बंध ठेवायची सवलत वापरली. ती मुदत 2013 च्या शेवटच्या दिवशी संपली. म्हणजे रोमानियन लोक ब्रिटनमध्ये सात वर्षं येत-जात होतेच, अनेक जण स्वतःचा व्यवसाय दाखवून कामही करत होते. याच नियमाच्या आधारे गोव्यातले हजारो लोक पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडन आणि साउथहॉलला स्थायिक झाले. हक्क दोघांचा एकच होता.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरीने 2013 मधल्या ब्रिटिश राष्ट्रीय वृत्तपत्रांतला 4 हजारांहून जास्त लेख-बातम्यांचा मजकूर तपासला. रोमानियन या शब्दाच्या आसपास कुठले शब्द वारंवार येतात, ते संगणकाने मोजलं. टॅब्लॉइडमध्ये सापडले ते टोळी, गुन्हेगार, भिकारी, चोर आणि रिकाम्या घरात घुसून राहणारा. एकेका बातमीत कदाचित काही खोटं नसेल. एखादी टोळी खरोखर पकडली गेली असेल. पण वर्षभर रोज सकाळी चहाबरोबर हेच पाच शब्द त्या नावाला चिकटून वाचकापुढे आले, की नाव ऐकताच डोक्यात तेच उभं राहतं. 'पारधी' हा शब्द आपल्याकडच्या गुन्हे वार्तांच्या पानावर ज्या तऱ्हेने वर्षानुवर्षं छापला गेला, ते आठवलं तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आकड्यांचं काय झालं? 2014 च्या पहिल्या तीन महिन्यांत ब्रिटनमधल्या रोमानियन आणि बल्गेरियन कामगारांची संख्या आधीच्या तिमाहीपेक्षा थोडी घटून 1 लाख 40 हजारांवर आली. लोंढ्याची भाषा करणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. पण गोष्ट तिथे संपवली तर तीही अर्धवटच राहील. पुढच्या वर्षांत संख्या भराभर वाढली आणि 2017 मध्ये ब्रिटनमधले रोमानियन नागरिक सुमारे 4 लाख 11 हजार झाले. म्हणजे घरभाडं, शाळा, मजुरी यांवर काय ताण येईल हा प्रश्न विचारणं चुकीचं नव्हतं. माझी तक्रार वेगळी आहे. प्रश्न संख्येचा होता आणि उत्तर स्वभावाचं दिलं गेलं. किती लोक येतील याऐवजी ते कसले लोक आहेत, याचीच चर्चा झाली. मे 2014 मध्ये, ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा म्हणणाऱ्या युकिप पक्षाचे नेते नायजेल फराज रेडिओवर म्हणाले की शेजारी रोमानियन पुरुषांचा घोळका राहायला आला तर कुणालाही काळजी वाटेल. जर्मन मुलं आली तर काय फरक पडेल, असं निवेदकाने विचारल्यावर, तो फरक तुम्हाला ठाऊक आहे, एवढंच त्यांचं उत्तर होतं. फरक सांगायची गरज उरली नव्हती, कारण तो आधीच रुजवलेला होता. त्याच महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटनमध्ये त्यांचा पक्ष पहिला आला.

इटलीत हे सगळं सात वर्षं आधी, जास्त भयानक रीतीने घडून गेलं होतं. 30 ऑक्टोबर 2007 च्या संध्याकाळी रोमच्या तोर दि क्विंतो स्थानकाजवळ एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीवर हल्ला झाला आणि त्यात तिचा जीव गेला. आरोपी जवळच्या झोपडवस्तीत राहणारा रोमानियन नागरिक होता. गुन्हा अतिशय क्रूर होता, लोकांचा संताप स्वाभाविक होता. पण दोन दिवसांत संतापाचा रोख एका माणसावरून एका देशावर गेला. रोमानिया संघात येण्याआधी रोमइतकं सुरक्षित शहर नव्हतं, अशा अर्थाचं विधान महापौर वॉल्तर वेल्त्रोनी यांनी केलं. पंतप्रधान प्रोदींच्या सरकारने तातडीने अध्यादेश काढला, सार्वजनिक सुरक्षेला धोका वाटला तर संघाच्या दुसऱ्या देशातल्या नागरिकालाही स्थानिक प्रशासन हाकलू शकेल असा. काही दिवसांतच रोमच्या एका उपनगरात तोंड झाकलेल्या टोळक्याने रोमानियन लोकांना मारहाण केली.

या प्रकरणातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. पोलिसांना खबर देणारी, आरोपीपर्यंत नेणारी बाई त्याच वस्तीतली होती. तीही रोमानियन, तीही रोमा (रोमा म्हणजे कोण, ते पुढे येईल). तिच्याविषयी छापून आलंच नाही असं नाही, आलं. पण आरोपीच्या वागण्याचं कारण म्हणून त्याचा देश सांगितला गेला आणि तिच्या धैर्याचं कारण म्हणून तिचा देश कुणी सांगितला नाही. वार्ताहराने कॉपी लिहिताना आणि डेस्कवर मथळा देताना हा निर्णय काही सेकंदांत होतो. कुणी मुद्दाम द्वेष करतो असंही दर वेळी नसतं. 'रोमानियनाकडून खून' हा मथळा बसतो, 'रोमानियन बाईमुळे आरोपी सापडला' हा बसत नाही, कारण पहिला वाचकाच्या मनात आधीच तयार असलेल्या खाचेत जातो.

2009 च्या फेब्रुवारीत रोममधल्याच काफारेल्ला उद्यानात एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. पोलिसांनी दोन रोमानियन तरुण पकडले, त्यांचे फोटो पहिल्या पानांवर आले, एकाच्या चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याला टोपणनावही मिळालं. डीएनए जुळला नाही. हे ते दोघे नव्हतेच. पुढे खरे गुन्हेगार सापडले आणि तेही रोमानियनच निघाले. अनेकांना वाटतं की मग फरक काय पडला. फरक त्या दोन निर्दोष माणसांना विचारावा. देश बरोबर ओळखला म्हणजे माणूस बरोबर ओळखला असं होत नाही.

आता गुंत्याच्या मुद्द्याकडे. वर 'रोमा' असा उल्लेख आला. रोमानियन आणि रोमा या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रोमानिया हे नाव प्राचीन रोमवरून आलेलं आहे. रोमा हा युरोपभर पसरलेला समाज असून त्याचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या रोमानी भाषेत पाणी, नाक असे शब्द आजही आपल्याला ओळखू येतील असे आहेत. रोमानियात हा समाज मोठा आहे. तिथल्या जनगणनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास लोक स्वतःला रोमा म्हणवतात, प्रत्यक्ष संख्या याच्या कितीतरी पट असल्याचा युरोप परिषदेचा अंदाज आहे. कलंक नको म्हणून बरेच जण नोंदच करत नाहीत. वालाचिया आणि मोल्दाविया या रोमानियन संस्थानांत रोमा लोक 1850 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कायद्याने गुलाम होते. 1942 मध्ये रोमानियाचा हुकूमशहा आंतोनेस्कूच्या राजवटीने सुमारे 25 हजार रोमांना ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे तेव्हा ताब्यात घेतलेल्या सोव्हिएत मुलखात, हद्दपार केलं, त्यातले हजारो उपासमारीने आणि आजाराने मेले.

पश्चिम युरोपातली माध्यमं ही दोन नावं सर्रास एकमेकांत मिसळतात. 2010 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी रोमा वस्त्या उठवून माणसांना रोमानिया-बल्गेरियाला परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा बातम्यांत ही सरमिसळ रोज होत होती. युरोपीय आयुक्त विवियान रेडिंग यांनी त्या कारवाईची तुलना दुसऱ्या महायुद्धातल्या हद्दपारीशी केली आणि मोठं वादळ उठलं. रोमानियात मात्र वेगळंच दुःख उगाळलं गेलं, आम्हाला रोमा समजतात याचं. 'जुर्नालुल नात्सिओनाल' या दैनिकाने 2009 मध्ये मोहीमच चालवली, की रोमा माणसासाठीचा 'रोम' हा अधिकृत शब्द काढून जुना 'त्सिगान' शब्द आणावा, म्हणजे जगाचा गोंधळ होणार नाही. 'त्सिगान' म्हणजे रोमांना शतकानुशतकं हिणवून मारलेली हाक. त्यासाठी संसदेत विधेयकही आलं, ते 2011 मध्ये सिनेटने फेटाळलं. परक्या माध्यमांनी आपल्यावर मारलेला शिक्का आपल्याच देशातल्या दुबळ्यांच्या कपाळावर ढकलायचा हा प्रयत्न होता. परदेशी टॅब्लॉइडपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

रोमानियाची जगाला झालेली पहिली मोठी टीव्ही-ओळख डिसेंबर 1989 ची. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउसेस्कूची सत्ता कोसळत होती. 22 डिसेंबरला तिमिशोआरा शहरात गरिबांच्या दफनभूमीतून उकरून काढलेली प्रेतं रांगेत मांडलेली दिसली आणि हे सामूहिक हत्याकांडाचे बळी आहेत म्हणून ती दृश्यं जगभर गेली. शहरात 4 हजारांहून जास्त माणसं मारल्याचा आकडा फिरला. त्यातल्या एका चित्रात बाईच्या अंगावर तान्हं बाळ ठेवलेलं होतं, मायलेकरं म्हणून. नंतर कळलं की त्या दोघांचं काही नातं नव्हतं आणि दोघांचाही मृत्यू गोळीने झालेला नव्हता. गोळीबार खरा होता. तिमिशोआरात आंदोलक खरोखर मारले गेले आणि राजवटीने त्यातली 40 हून जास्त प्रेतं गुपचूप बुखारेस्टला नेऊन जाळली. देशभरातल्या मृतांची संख्या हजाराच्या वर गेली. पण एक खोटं दृश्य उघडं पडल्यावर खऱ्या बळींविषयीही शंका घ्यायला लोकांना जागा मिळाली. त्या कुटुंबांवर झालेला हा दुसरा अन्याय.

लगोलग 1990 मध्ये अनाथालयांची दृश्यं आली. लोखंडी पलंग, मुंडण केलेली, पुढेमागे डोलणारी मुलं. ती दृश्यं खोटी नव्हती. 1966 च्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आली, जन्म वाढले, गरिबी वाढली आणि 1989 पर्यंत लाखभर मुलं सरकारी संस्थांत येऊन पडली. कॅमेऱ्याने सांगितलं नाही ते असं, की यातल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. पोसणं परवडत नाही म्हणून, किंवा मूल अपंग आहे आणि सरकारच तिथे ठेवायला सांगतं म्हणून त्यांना सोडलेलं होतं. 'अनाथ' म्हटल्यावर जगाला सुचला तो उपाय दत्तक घेण्याचा. हजारो मुलं परदेशी गेली, मध्ये दलाल शिरले, पैशांचे व्यवहार झाले. अखेर 2001 मध्ये रोमानियाने परदेशी दत्तकविधान थांबवलं आणि 2004 च्या कायद्याने ते जवळपास बंद केलं. आईबाप गरीब आहेत अशी बातमी असती तर मदत कदाचित त्या घरांपर्यंत गेली असती.

त्या काळी सर्वात बदनाम झालेल्या संस्थांपैकी एक सिरेत या सीमेवरच्या गावात होती. हेच सिरेत फेब्रुवारी 2022 मध्ये मराठी चॅनलवर दिवसरात्र दिसत होतं. युक्रेनमध्ये अडकलेले आपले वैद्यकीय विद्यार्थी थंडीत चालत याच सीमेवर पोहोचत होते आणि तिथले गावकरी त्यांना गरम जेवण, पांघरुणं देत होते, शाळांच्या व्यायामशाळेत झोपायची सोय करत होते. 26 फेब्रुवारीला ऑपरेशन गंगाचं पहिलं विमान 219 जणांना घेऊन बुखारेस्टहून मुंबईत उतरलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रोमानिया हे नाव त्या आठवड्यात पहिल्यांदा पोहोचलं, ते उपकारकर्त्याचं नाव म्हणून. एकच गाव दोन वेळा जगाच्या पडद्यावर आलं आणि बघणाऱ्यांनी दोन वेगळे देश पाहिले.

कष्टाचं काम करणारा रोमानियन बातमीत कधी येतो, हे 2020 ने दाखवलं. इटलीत रोमानियन हा सर्वात मोठा परदेशी समाज आहे, सुमारे 11 लाखांचा. म्हाताऱ्यांची सेवा, बांधकाम, शेती अशी कामं तिथे ते करतात, पण त्यावर मथळा होत नाही. कोविडच्या एप्रिलमध्ये युरोप बंद असताना जर्मनीतली शतावरीची शेतं काढणीला आली. जर्मन सरकारने एप्रिल आणि मे मिळून 80 हजार हंगामी मजुरांना येऊ द्यायचं ठरवलं. 9 एप्रिलला रोमानियातल्या क्लुज विमानतळाबाहेर मजुरांची दाट गर्दी झाली. देशात घराबाहेर पडायला बंदी होती, आणि इथे बसगाड्या भरभरून माणसं दाटीवाटीने उभी होती. सहा वर्षांपूर्वी जर्मनीत 'फसवेल तो हाकलला जाईल' अशी घोषणा बव्हेरियाच्या सीएसयू पक्षाने याच लोकांना उद्देशून दिली होती. आता तीच माणसं अत्यावश्यक झाली.

जूनमध्ये जर्मनीतल्या टॉनिस कंपनीच्या रेडा-विडेनब्रुक इथल्या कत्तलखान्यात दीड हजारांवर कामगार बाधित निघाले. त्यांत रोमानियन आणि बल्गेरियन खूप होते, ठेकेदारांमार्फत नेमलेले, एकेका खोलीत कोंबलेले. प्रांताचे मुख्यमंत्री आर्मिन लाशेट यांनी विषाणू रोमानियन-बल्गेरियन लोक आल्यामुळे आला, अशा अर्थाचं बोलून टाकलं आणि टीका झाल्यावर सारवासारव केली. पण या वेळी अनेक जर्मन पत्रकारांनी देशाऐवजी ठेकेदारीवर बोट ठेवलं. पगारातून घरभाडं किती कापतात, कामाचे तास किती, करार कुणाशी, हे छापून आलं. 1 जानेवारी 2021 पासून मांस उद्योगातली ही ठेकेदारी कायद्याने बंद झाली. प्रश्न नीट मांडला तर काय होऊ शकतं याचं हे माझ्या माहितीतलं सर्वात चांगलं उदाहरण आहे.

रोमानियातल्या माध्यमांनीही दोन्ही टोकं दाखवली आहेत. ओटीव्ही नावाच्या चॅनलने 2007 मध्ये बेपत्ता झालेल्या एका महिला वकिलाच्या प्रकरणावर महिनोन्महिने रात्रीचे कार्यक्रम चालवले, तर्ककुतर्क लढवत. 2013 च्या सुरुवातीला त्याचा परवाना गेला. दुसरीकडे, 30 ऑक्टोबर 2015 ला बुखारेस्टच्या कोलेक्टिव क्लबला आग लागली. एकूण 64 जण गेले, त्यातले बरेच रुग्णालयांत, नंतरच्या काही आठवड्यांत. भाजल्याने गेले असंच सगळे धरून चालले होते. कातालिन तोलोंतान हे एका क्रीडा दैनिकाचे संपादक. त्यांच्या चमूने 2016 मध्ये उघड केलं की रुग्णालयांना पुरवलं जाणारं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं, म्हणजे जंतुसंसर्गानेही माणसं दगावली असणार. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. रोमानियन भ्रष्टाचार हा परदेशी पत्रकारांचा आवडता विषय, पण तो मुळापासून खणून काढला रोमानियन पत्रकारांनीच.

आचारसंहिता असतात, त्यांचं काय? ब्रिटनच्या संपादकीय संहितेतलं भेदभावाचं कलम एखाद्या व्यक्तीला संरक्षण देतं, समूहाला नाही. एका ठरावीक माणसाविषयी अपमानकारक लिहिलं तर तक्रार करता येते, सगळ्या रोमानियन लोकांविषयी लिहिलं तर या कलमाखाली नाही. इटलीतल्या पत्रकारांनी 2008 मध्ये स्थलांतरितांच्या वार्तांकनासाठी 'कार्ता दि रोमा' (रोमची सनद; इथला रोमा म्हणजे रोम शहर) ही संहिता स्वीकारली. जर्मन प्रेस कौन्सिल सांगतं की आरोपीचा वंश किंवा देश साधारणपणे लिहू नये, समाजाच्या दृष्टीने सबळ कारण असेल तरच लिहावा. ड्रेस्डेनच्या 'झेक्सिशे त्साइटुंग' या दैनिकाने 2016 मध्ये उलटा मार्ग घेतला, प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीत देश लिहायचा, आरोपी जर्मन असला तरीही. लपवतो म्हटलं की वाचक मनाने परदेशी भरतात, असा त्यांचा अनुभव होता. मला हा उपाय विचार करण्याजोगा वाटतो, मात्र जर्मन आरोपीचाही देश दर वेळी न चुकता छापला जाणार असेल तरच.

कारण शब्द छापून थांबत नाहीत. जून 2025 मध्ये उत्तर आयर्लंडच्या बॅलिमीना शहरात लैंगिक हल्ल्याच्या आरोपाखाली दोन 14 वर्षांच्या मुलांना न्यायालयात उभं केलं. त्यांच्यासाठी रोमानियन दुभाषा लागला, एवढा तपशील बाहेर आला आणि त्याच रात्री स्थलांतरितांची घरं पेटली. आपण रोमानियन नाही हे कळावं म्हणून काही फिलिपिनो कुटुंबांनी दारावर आपल्या देशाचं नाव चिकटवलं.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुखारेस्टच्या रस्त्यावर एका बांगलादेशी डिलिव्हरी कामगाराला एका तरुणाने ठोसा मारला, आपल्या देशात परत जा म्हणून. काही दिवस आधीच उजव्या एयूआर पक्षाच्या एका खासदाराने, रोमानियन माणूस आणत नसेल तर ऑर्डर घेऊ नका, असं आवाहन केलं होतं. लाखो तरुण बाहेर गेल्यामुळे रोमानियाला माणसं कमी पडतात. 2022 ते 2025 दरवर्षी संघाबाहेरच्या 1 लाख कामगारांना परवाने द्यायचं तिथल्या सरकारने ठरवलं, आणि नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशाबरोबर आपल्याकडचेही बरेच जण तिथे बांधकामावर आणि हॉटेलांत काम करत आहेत. राष्ट्राध्यक्ष निकुशोर दान यांनी हल्ल्याचा निषेध केला. या परदेशी कामगारांना घरी ठेवून घेणाऱ्या, कामावर सांभाळणाऱ्या रोमानियन मालकांची आणि शेजाऱ्यांची बातमी मात्र मला अजून शोधावी लागते.